प्रश्न विचारला गेला, उत्तराचे काय?

पर्वरीच्या विधानसभा संकुलात अधिवेशन सुरू झाले की साऱ्या राज्याचे लक्ष प्रश्नोत्तराच्या तासाकडे लागते. कोणत्या मंत्र्याला कोणी धारेवर धरले, कोणाची भंबेरी उडाली, कोण सभापतींच्या आसनासमोर धावून गेला, याची दृश्ये दुपारच्या जेवणाआधीच घराघरांतील मोबाईलवर पोहोचतात. दुसऱ्या दिवशीचे मथळेही त्याच चकमकींचे असतात. या गदारोळात एक साधी गोष्ट निसटते. मंत्र्याने सभागृहाच्या पटलावर ठेवलेला लेखी उत्तराचा कागद फारसे कोणी वाचत नाही. वास्तविक, मंत्र्याला बांधून ठेवण्याची ताकद त्या कागदातच असते. आवाज विरतो, दृश्य विसरले जाते. पटलावरचे उत्तर मात्र सरकारचे अधिकृत विधान म्हणून कायमचे नोंदले जाते. ते खोटे किंवा अपुरे ठरले, तर त्याचा जाब पुढच्या अधिवेशनातही मागता येतो.

म्हणून विधानसभेत किती प्रश्न विचारले गेले, यावर लोकशाहीची प्रकृती मोजणे पुरेसे नाही. उत्तर मिळाल्यानंतर त्या उत्तराचा पाठपुरावा कोणी केला का, हा खरा निकष आहे. चाळीस आमदारांच्या छोट्या गोव्यात हा पाठपुरावा दिवसेंदिवस कठीण होत चालला आहे. त्याची कारणे व्यक्तींच्या स्वभावात जेवढी आहेत, त्याहून अधिक सभागृहाच्या रचनेत आहेत.

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या प्रतिनिधींना सहजासहजी मिळालेला नाही. ब्रिटिश अमदानीत १८९२ च्या कायद्याने विधिमंडळातील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम दिली. पण उत्तर ऐकून मुकाट्याने खाली बसावे लागे. त्यावर उपप्रश्न विचारण्याची परवानगी १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दिली, तीही केवळ मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यालाच. गोव्यात तर पोर्तुगीज राजवट असेपर्यंत, म्हणजे १९६१ अखेरपर्यंत, सत्तेला उघड जाब विचारणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग येत असे. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी बाकांवर बसले, आणि गोमंतकीयांनी निवडलेल्या सरकारला गोमंतकीयांनीच निवडलेला प्रतिनिधी प्रश्न विचारू लागला. हा हक्क आपल्याकडे अवघ्या सहा दशकांचा आहे, हे विसरता कामा नये.

त्यामागचे घटनात्मक तत्त्व स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी अविश्वास ठरावाने सिद्ध होते. पण अविश्वास ठराव हे क्वचित उपसले जाणारे शस्त्र आहे. रोजच्या वापरातले साधन म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तेथे उपप्रश्न नसतो. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. त्या विसांपैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोहोचतात, कारण तास साठच मिनिटांचा असतो. म्हणजे सरकारच्या उत्तरांचा फार मोठा भाग असा असतो, की ज्यावर त्या दिवशी कोणी एक शब्दही उलटून विचारत नाही.

प्रश्नाची ताकद पाठपुराव्यात कशी असते, हे स्वतंत्र भारतातील पहिल्या मोठ्या आर्थिक घोटाळ्याने दाखवून दिले. विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत याविषयी प्रश्न आला, तेव्हा सरकारकडून गुळमुळीत उत्तर मिळाले. प्रकरण तेथेच संपले असते. पण खासदारांनी तो विषय पुढच्या अधिवेशनात पुन्हा उकरला. डिसेंबरात फिरोज गांधींनी आकडे आणि तारखा मांडून सरकारच्या आधीच्या उत्तरांमधील विसंगती उघडी पाडली. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांनी उघड सुनावणी घेऊन अल्पावधीत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

छागलांच्या निष्कर्षातील एक सूत्र आजही प्रत्येक मंत्र्याच्या टेबलावर लिहून ठेवावे असे आहे. व्यवहार सचिवाने केला, मला त्याची पूर्ण कल्पना नव्हती, असा बचाव मंत्र्याला करता येणार नाही; खात्याच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते. अधिकाऱ्यांनी चुकीची माहिती दिली, असे सांगून सुटका करून घेणारा मंत्री कोणत्याही राज्यात नवा नाही. त्याला हे सूत्र ऐकवणारा सदस्य मात्र दुर्मीळ झाला आहे.

त्या काळच्या लोकसभेत अभ्यासू प्रश्नांची जी परंपरा होती, तिच्याशी गोव्याचे नाते जवळचे आहे. मधू लिमये हे १९५५ च्या गोवा मुक्तिसंग्रामातील सत्याग्रही. पोर्तुगिजांच्या तुरुंगात त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ काढला आणि पुढे बिहारमधील मुंगेरमधून लोकसभेत निवडून गेल्यावर संसदीय नियमांवरील हुकमतीसाठी ते ओळखले गेले. वेंगुर्ल्याचे नाथ पै राजापूरचे प्रतिनिधित्व करत आणि त्यांचे निधन १९७१ मध्ये बेळगावात झाले. या दोघांची भाषणे आजही आठवली जातात. त्यांच्या भाषणांमागची मेहनत तितकी आठवली जात नाही. सरकारचे जुने उत्तर, अर्थसंकल्पातील आकडा आणि नियमावलीतील कलम एकत्र ठेवून मंत्र्यासमोर नेमका प्रश्न उभा करायचा, ही ती मेहनत. आवाज चढवण्याची गरज त्यांना क्वचित पडे.

मंत्री उत्तर कसे टाळतात, हेही पाहिले पाहिजे. पहिली पद्धत म्हणजे ‘माहिती गोळा केली जात आहे’. दुसरी म्हणजे परिशिष्टांचा डोंगर: विचारलेला आकडा एका ओळीत देण्याऐवजी शेकडो पानांची यादी जोडायची, म्हणजे उत्तर दिल्याचे समाधानही मिळते आणि प्रश्नकर्त्याला अधिवेशन संपेपर्यंत बेरीजही करता येत नाही. तिसरी पद्धत म्हणजे प्रश्न पुढे ढकलून घेणे. उत्तरे लांबणीवर टाकली जातात, ही गोव्यातील विरोधकांची नेहमीची तक्रार आहे. चौथी पद्धत सर्वांत सफाईदार आहे. त्यात उत्तरातील प्रत्येक शब्द खरा असतो. वाचणाऱ्याच्या मनात मात्र जे चित्र उभे राहते, ते वास्तवाशी जुळत नाही.

या चौथ्या पद्धतीचे उदाहरण गोमंतकीयांच्या जिव्हारी लागणारे आहे. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात रात्रीच्या काळात रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी खुद्द राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा या वेळेत २६ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे सांगितले, ऑक्सिजनच्या सिलिंडरांचा पुरवठा गरजेपेक्षा फार कमी असल्याचे म्हटले आणि उच्च न्यायालयाने यात लक्ष घालावे, अशी मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर याचिका होत्याच. सिलिंडर वाहून नेणारी ट्रॉली ट्रॅक्टरने हलवताना आणि जोडताना अडचणी येतात, असे सरकारच्या वतीने न्यायालयाला सांगण्यात आले. ऑक्सिजनअभावी एकही जीव जाता कामा नये, असे न्यायालयाने बजावले.

दोन महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी, राज्यसभेत या विषयावर प्रश्न आला. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये मृत्यूंची माहिती केंद्राला नियमितपणे देतात, मात्र ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी नेमकेपणाने कळवलेले नाही. उत्तराचा अक्षरार्थ पाहिला तर त्यात राज्यांनी काय कळवले एवढेच सांगितले होते. मृत्यू झालेच नाहीत, असे ते म्हणत नव्हते. पण देशभर त्याचा अर्थ तसाच घेतला गेला आणि संतापाची लाट उसळली.

ज्यांनी त्या रात्री बांबोळीत आपले माणूस गमावले, त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न या उत्तरानंतर सुरू होत होता. गोव्याने केंद्राला नेमके काय कळवले? कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने? मृत्यूच्या नोंदीत ऑक्सिजनचा दाब कमी झाल्याचा उल्लेख करण्यासाठी रकाना होता का? नसेल तर ‘कळवलेले नाही’ या वाक्याला अर्थ तो कोणता? हे प्रश्न केंद्रीय मंत्र्याच्या उत्तरातूनच निघतात, आणि त्यांची उत्तरे पणजीतील कपाटांत असतात. त्या वर्षी गोवा विधानसभेचे पावसाळी अधिवेशन २८ ते ३० जुलै असे तीन दिवसांचे झाले. शतकातील सर्वांत मोठ्या आरोग्य संकटाचा, अर्थव्यवस्थेचा आणि इतर साऱ्या खात्यांचा जाब विचारायला तीन सकाळी! तीन प्रश्नोत्तर तासांत पाठपुरावा होऊ शकत नाही. पहिले उत्तर वाचून होण्याआधीच सभागृह संस्थगित होते.

यामुळे मुद्दा येतो तो अधिवेशनाच्या दिवसांचा. गोव्यात दिवसांची कात्री वेगवेगळ्या कारणांनी लागत आली आहे. २०१८ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे अर्थसंकल्पी अधिवेशन चार दिवसांत आटोपले. २०२० च्या जुलैमध्ये महामारीमुळे अधिवेशन एकाच दिवसाचे झाले. ही कारणे कोणालाही समजण्यासारखी होती. पण मार्च २०२५ मधील अर्थसंकल्पी अधिवेशन तीन दिवसांचे होते, आणि त्या वेळी ना महामारी होती, ना कोणता असाधारण प्रसंग. पावसाळी अधिवेशन २०२४ मध्ये १८ दिवसांचे, तर २०२५ मध्ये १५ दिवसांचे झाले. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ च्या अहवालात सत्तरपेक्षा कमी सदस्य असलेल्या विधानसभांनी वर्षाला किमान पन्नास दिवस बसावे, अशी शिफारस केली होती. चाळीस सदस्यांची आपली विधानसभा नेमकी याच वर्गात मोडते. राज्यघटना मात्र दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच सांगते. किमान दिवसांची सक्ती नसल्यामुळे सभागृह किती दिवस चालवायचे, हे अखेर ज्याने उत्तरे द्यायची तेच सरकार ठरवते.

दिवसांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे माणसांचा. २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपुरता मर्यादित केला. पण चाळीसचे पंधरा टक्के म्हणजे सहाच. म्हणून लहान राज्यांसाठी मुख्यमंत्र्यांसह किमान बारा मंत्र्यांची तरतूद ठेवावी लागली. त्याचा परिणाम असा, की मोठ्या राज्यात शंभरातले पंधरा सदस्य उत्तरे देणारे असतात, तर गोव्यात शंभरातले तीस. चाळिसांतून बारा मंत्री आणि एक सभापती वजा केले की प्रश्न विचारू शकतील असे सत्तावीस उरतात. २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे अकरा आमदार निवडून आले होते. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांतील आठ जण भाजपमध्ये गेले. विरोधी बाकांवर उरले काँग्रेसचे तीन, आम आदमी पक्षाचे दोन, गोवा फॉरवर्डचा एक आणि रेव्होल्युशनरी गोवन्सचा एक, असे सात आमदार.

राज्य कारभारातील साऱ्या खात्यांवर नजर ठेवायची, परिशिष्टे वाचायची, अर्थसंकल्प समजून घ्यायचा, विधेयकांवर बोलायचे, समित्यांवर बसायचे आणि शिवाय मतदारसंघातील लग्नकार्यांपासून नळाच्या पाण्यापर्यंत सर्व पाहायचे. हे सात जणांनी करायचे आहे. त्यांनी कितीही प्रामाणिकपणे काम केले तरी एकेका वाट्याला जवळजवळ दोन मंत्री आणि त्यांची सर्व खाती येतात. त्यातही ते चार वेगवेगळ्या पक्षांचे. एकाने विचारलेल्या प्रश्नाचा धागा दुसऱ्याने पकडायचा, ही संसदीय कामकाजातील साधी युक्तीही अशा वेळी दरवेळी साधतेच असे नाही.

पक्षांतराचा एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या दहा आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला, तेव्हा त्यांत विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर होते आणि ते लगोलग उपमुख्यमंत्री झाले. विरोधी पक्षनेता म्हणून ज्या सरकारला प्रश्न विचारायचे, त्याच सरकारच्या वतीने काही दिवसांत उत्तरे द्यायची! पक्षांतराची चर्चा आपण मतदारांचा विश्वासघात म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक नुकसान दडलेले असते. ज्या आमदाराने एखाद्या विषयाचा माग काढत आणलेला असतो, तो बाक बदलताच तो माग तेथेच तुटतो. अर्धवट राहिलेल्या उत्तरांना वालीच उरत नाही.

उरलेले वीस जण सत्ताधारी बाजूचे आहेत आणि त्यांनाही प्रश्न विचारण्याचा तेवढाच अधिकार आहे, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. त्यांचे प्रश्न बहुधा आपल्या मतदारसंघातील रस्ता, पूल, शाळेची इमारत यांपुरते असतात, आणि मंत्र्यांचे उत्तर ‘लवकरच’ या शब्दाने संपते. मतदारसंघाचे प्रश्न मांडणे गैर नाही. तेही प्रतिनिधीचेच काम आहे. पण सत्ताधारी पक्षाचा आमदार म्हणजे सरकारचा नोकर नव्हे. मुंदडा प्रकरणात अर्थमंत्र्याला उघडे पाडणारा खासदार सत्ताधारी पक्षाचाच होता. पक्षादेश मतदानाला लागू होतो. प्रश्न विचारण्याला नाही. अवघड प्रश्न विचारल्यामुळे कोणाचीही आमदारकी जात नाही. जाते ती कदाचित मंत्रिपदाची किंवा एखाद्या महामंडळाच्या अध्यक्षपदाची आशा.

दिल्लीतील चित्र याहून तोकडे आहे. संसदेत गोव्याचे तीनच आवाज: लोकसभेत दोन, राज्यसभेत एक. त्यांपैकी उत्तर गोव्याचे खासदार २०१४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. मंत्रिपदाचा राज्याला लाभ होत असेलही. पण म्हादई, रेल्वे दुपदरीकरण, किनारी नियमन असे विषय केंद्राच्या अखत्यारीतील असताना प्रश्न विचारू शकणारे खासदार दोनच राहतात, याची नोंद कोठेतरी घ्यायला हवी.

म्हादईचा विषय निघालाच आहे, तर आश्वासनांबद्दलही बोलले पाहिजे. मंत्र्याने सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती पटलावर ठेवू’ असे म्हटले की संसदीय प्रथेनुसार ते आश्वासन ठरते. लोकसभेत अशी आश्वासने वेचून काढण्यासाठी १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे, अशी अपेक्षा असते. गोवा विधानसभेतही अशी समिती आहे. म्हणजे उत्तर टाळण्याची जी वाक्ये मंत्र्याला सुटकेची वाट वाटतात, तीच नियमांच्या दृष्टीने त्याच्या गळ्यातील दोरी असतात. फक्त ती दोरी कोणीतरी हातात धरायला हवी. कर्नाटकच्या प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ अखेर मंजुरी दिली, तेव्हा राज्यभर उठलेल्या संतापानंतर जानेवारी २०२३ मध्ये म्हादईसाठी सभागृह समिती स्थापन झाली. त्यानंतर समितीच्या बैठकाच होत नाहीत, अशी तक्रार विरोधक वारंवार करत आले. समिती नेमली की विषय मार्गी लागला, असा समज लोकांचा होतो. वृत्तपत्रेही पुढच्या बातमीकडे वळतात. नदी मात्र कोणत्याही बैठकीची वाट पाहत थांबत नाही.

प्रश्न विचारणाराही उत्तरदायी असला पाहिजे, ही या चर्चेची दुसरी बाजू. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठी प्रश्न मांडल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना सदस्यत्व सोडावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक, असे अकरा खासदार एकाच दिवशी बडतर्फ झाले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली. प्रश्नाला बाजारभाव असतो, याचा अर्थच प्रश्नात ताकद असते. जमिनी आणि खाणी हेच जेथे संपत्तीचे मोठे स्रोत आहेत, अशा राज्यात कोणता प्रश्न विचारला गेला याइतकेच कोणता प्रश्न नोटीस देऊनही ऐन वेळी विचारला गेला नाही, याकडेही लक्ष असले पाहिजे. जमीन रूपांतराच्या कलम १७(२) विषयी विधानसभेत प्रश्न येत राहिले, रस्त्यावर आंदोलने झाली, आणि अखेर मार्च २०२५ मध्ये त्याखालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. सभागृहात जे प्रश्न पूर्णत्वाला जात नाहीत, त्यांची उत्तरे शोधत नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. तो मार्ग खर्चिक असतो आणि प्रत्येकाच्या आवाक्यातला नसतो.

माहिती अधिकार आल्यानंतर विधानसभेतील प्रश्नांची गरज कमी झाली, असा एक युक्तिवाद केला जातो. गोव्याने तर केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, १९९७ मध्ये, आपला माहिती अधिकार कायदा केला होता. पण या दोन साधनांचे काम वेगळे आहे. माहिती अधिकाराचे उत्तर माहिती अधिकारी देतो आणि ते एका अर्जदाराला मिळते. त्यात असलेली नोंद मिळते, निर्णयामागचे कारण मिळत नाही. सभागृहात मंत्र्याला ‘का’ हे विचारता येते, आणि त्याचे उत्तर साऱ्या राज्याला दिलेले असते.

त्या उत्तराची भाषा हाही प्रश्न आहेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. सभागृहात सदस्य कोकणीत, मराठीत भांडतात. पटलावरची लेखी उत्तरे मात्र बहुतांशी इंग्रजीत असतात. पेडण्याच्या शेतकऱ्याला आपल्या गावातील भूसंपादनाविषयी मंत्र्याने काय लिहून दिले, हे त्याला समजणाऱ्या भाषेत वाचता येत नसेल, तर ते उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, असे म्हणावे लागेल.

यावरचे उपाय अवघड नाहीत. वर्षाला किमान पन्नास दिवसांचे कामकाज नियमातच बांधून टाकता येईल. अधिवेशन संपताच त्यात दिलेल्या आश्वासनांची यादी खातेवार, मुदतीसह विधानसभेच्या संकेतस्थळावर ठेवता येईल. लांबणीवर टाकलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अग्रक्रमाने द्यावे, असा दंडक घालता येईल. लेखी उत्तरांचा मराठी व कोकणी गोषवारा देता येईल. यांपैकी एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही. सभापती आणि सत्ताधारी पक्षाची इच्छा पुरेशी आहे, आणि ती आपोआप निर्माण होणार नाही.

ती निर्माण करण्याचे काम मतदारांचे आहे. निवडणुकीच्या काळात आमदार दारात येतो, तेव्हा आपण त्याला रस्त्याबद्दल विचारतो, नळाबद्दल विचारतो, मुलाच्या नोकरीबद्दलही विचारतो. त्यासोबत एवढेच विचारावे: गेल्या पाच वर्षांत तुम्ही सरकारला विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न कोणता? त्याचे उत्तर काय मिळाले? आणि त्या उत्तरानंतर तुम्ही काय केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण देतील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो देऊ शकेल, त्यालाच पर्वरीत पाठवण्यात अर्थ आहे.